कुंडाचा गुण

"संदेश, बाहेर ये आता. बोटं बघ तुझी, पार सुरकुतली."

"पाच मिनिटं गो आक्का. आत्ताच कुठं मळमळ थांबलीय."

"पहाटेपासून तुझी पाच मिनिटंच चाललीत. पेज गार झाली बघ."

माझा धाकटा भाऊ गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसला होता आणि मी पायरीवर पेजेचं भांडं पदरात धरून. देवळामागचं हे धाकटं कुंड आमच्या घरच्या वापराचं. पुढची दोन मोठी कुंडं यात्रेकरूंसाठी, तिथे सांधे धरलेले, खाजेने बेजार झालेले लोक लांबून लांबून येतात. माझे यजमान सहदेव गुरव, देवीची पूजाअर्चा आमच्याकडे. लग्न होऊन मी तापवलीला आले तेव्हापासून या पाण्याचा गंधकाचा वास माझ्या साड्यांना आहे. माहेरी गेले की वहिन्या नाक मुरडायच्या. मी म्हणायची, हा वास औषधाचा आहे, तुमच्या अत्तराने कुणाचा गुडघा सुटलाय का?

संदेश माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून पुढचं सगळं माझ्याकडे आलं. मोठा होऊन एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर झाला. पंपाचं काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. बंद पडलेल्या मोटारीला नुसता कान लावून काय बिघडलंय ते सांगायचा. असा माझा भाऊ भाऊबीजेनंतर दोनच महिन्यांनी, त्या पौषात एसटीतून उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. शर्ट खुंटीला अडकवावा तसा खांद्यावर लटकत होता. दोन वर्षं त्याला उलट्यांचा आजार होता. मधे दोन-तीन महिने बरा, पुन्हा सुरू. पोटात दुर्बीण घालून झाली, सोनोग्राफी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. रजा संपल्या तशी नोकरी गेली. देवरुखची मुलगी ठरली होती, तिच्या घरच्यांनी पोराला काहीतरी मोठं दुखणं आहे म्हणून नारळ परत पाठवला.

"आक्का, मी मरायला आलोय की जगायला ते मलाच कळत नाय," असं म्हणून तो माझ्या पडवीत आडवा झाला. त्याचं वजन तेव्हा सत्तेचाळीस किलो होतं. पोर जगलं पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पुढे मी जे जे केलं ते याच पायी केलं, चांगलं आणि वाईटही.

पहिले दोन दिवस त्याच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. शेवटी हिरवं पित्त पडायला लागलं तेव्हा यजमानांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि कुंडात नेऊन बसवलं. काय सांगू, दहा मिनिटांत उलटी थांबली! चेहऱ्यावर रंग आला. मी तिथेच ओल्या पायरीवर देवीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी देवीला कौल लावला. आमच्याकडे कुणाचंही काही अडलं की कौल लावतात. पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नाही.

"आई, ह्या पाण्यानं पोराला गुण येऊ दे," ते म्हणाले.

उजवी पाकळी पडली, आणि तीही लगेच. मग माझ्या तोंडाला कुलूप राहिलंच नाही. विहिरीवर, दुकानात, यात्रेकरूंपुढे, जिथे तिथे मी सांगत सुटले. डॉक्टरांनी हात टेकले, माझा भाऊ देवीच्या पाण्याने उठून बसला! लोक त्याला बघायला येऊ लागले. तो बिचारा गळ्यापर्यंत पाण्यात बसून सगळ्यांना नमस्कार करायचा.

पण गुण टिकेना. पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्याचा एक, एकाचे तीन. पाण्याबाहेर आला की पुन्हा पोट धरून वाकायचा. कुंडावर गर्दी असली की मी चुलीवर हंडे तापवून त्याच्या अंगावर ओतायची. त्याला पाणी कढतच हवं असायचं. पाठीवर लाल चट्टे उठले तरी म्हणायचा, आणखी तापव. आल्या आल्या त्याने आमच्या विहिरीचा पंप दुरुस्तीला काढला होता. "भावजी, दोन दिवसांत चालू करून देतो," म्हणाला होता. पंपाचे सुटे भाग महिना झाला तरी पडवीत वर्तमानपत्रावर तसेच होते, आणि मी दोराने पाणी ओढत होते. त्या भागांपुढे बसायचा, एखादा नट हातात घ्यायचा आणि मग कशाला घेतला तेच विसरून त्याच्याकडे बघत राहायचा. मला वाटे, अशक्तपणा.

त्याचं एक औषधही चालू होतं. कुणा वैद्याने दिलेला पाला, असं तो म्हणाला. मागच्या फणसाखाली बसून तो विडीत भरून ओढायचा. ओढल्यावर थोडा वेळ त्याला बरं वाटे आणि चार घास पोटात जात. त्या चार घासांसाठी मी काहीही केलं असतं.

"भावजींना सांगू नको गो," त्याने मला गळ घातली. "त्यांना वाटेल, देवीच्या पाण्यावर ह्याचा भरवसा नाय."

मला ते पटलं. मी ती पुडी तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवली. यजमान स्वयंपाकघरात कशालाच हात लावत नाहीत. दर सोमवारी कंपनीतला त्याचा मित्र लाल मोटारसायकलवरून यायचा, येताना मोसंबी आणायचा आणि नवी पुडी. मित्राच्या डोळ्यांत पाणी यायचं संदेशला बघून. चांगला मुलगा वाटायचा मला.

माघ अर्धा सरला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी मी पेज घेऊन कुंडावर गेले तर संदेश पायरीवर डोकं टेकून पडलेला. हाक मारली तर डोळे उघडले, पण ओठ हलेनात. यजमान धावत आले.

"लघवीला कधी गेलावतास?" त्यांनी विचारलं.

संदेशने आठवून पाहिलं. "काल... काल सकाळी."

"अहो, कौल लावा ना पुन्हा," मी म्हटलं.

"कौल नको, रिक्षा बोलव," यजमान म्हणाले. "देवीनं आपल्याला डोळे पण दिलेत."

संदेश काठ सोडायला तयार नव्हता. दोघांनी मिळून त्याला उचलला. उचलताना मला रडू फुटलं, कारण तो मला एकटीलाही उचलता आला असता.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. तिथे नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, रुबिना मुकादम. पंचविशीच्या असतील. त्यांनी जुनी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. आम्ही दोघं उभे. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि संदेशच्या उशाशी बसल्या.

"उलट्या कशाने थांबतात?" त्यांनी विचारलं.

तो बोलायच्या आत मीच पुढे सरसावले. "आमच्या देवीच्या कुंडानं. पाण्यात बसला की लगेच थांबतात. कौल पण उजवा आलाय."

मला वाटलं, ही शिकलेली मुलगी हसणार. ती हसली नाही. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"फक्त कुंडाच्या पाण्याने थांबतात, की कुठल्याही गरम पाण्याने?"

मला चुलीवरचे हंडे आठवले. ते तर विहिरीचं पाणी होतं, माझ्याच हाताने ओढलेलं. ते ओतलं की उलटी थांबायचीच की.

"कुठल्याही," मी म्हटलं. महिनाभर गावभर वाजवलेला माझा डंका त्या एका शब्दात बसला. यजमान माझ्याकडे बघत होते. मी मान वर केली नाही.

बाई संदेशकडे वळल्या. "गांजा ओढतोस?"

"नाय ओ. विडीसुद्धा नाय."

"मी पोलिसांत सांगणार नाही. खरं काय ते सांग."

"आईशपथ नाय," संदेश म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला ओळखीची होती. लहानपणी शाळेत न जाता नदीवर डुंबून यायचा आणि वडिलांपुढे उभा राहून असाच माझ्याकडे बघायचा. मी दर वेळी सांगायची, होय बाबा, शाळेतच होता. एकदाही मी त्याला उघडा पाडला नव्हता.

आता इथे मला एक कबूल करायला हवं, इतका वेळ मी तुम्हालाही ते सांगितलेलं नाही. मी गुरवाची बायको. दर शिवरात्रीला आमच्या कुंडांवर गोसावी उतरतात, देवळाच्या ओसरीवर त्यांच्या चिलमी फिरतात आणि दुसऱ्या दिवशी ती ओसरी मी धुते. तो वास मला ठाऊक नसेल असं कसं होईल? वैद्याचा पाला कसला आहे ते मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, फणसाखाली, पहिल्याच झुळकीबरोबर. कळलं आणि मी ते मनाआड केलं. म्हटलं, साधू ओढतात, ते काय मरतात? चार घास खातोय ना पोर, खाऊ दे. आणि एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं.

"ओढतो," मी म्हटलं. "रोज ओढतो, चार-पाच वेळा. माझ्या तांदळाच्या डब्यात असतो."

संदेशने डोळे मिटले.

"आनी परवा पुडी लवकर संपली, तर त्याच्या मित्राला फोन मीच केला. सांगितलं, औषध संपलंय, घेऊन ये. मला ठाऊक होतं ते काय हाय."

यजमान टोपी काढून हातात फिरवत राहिले. संदेशने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आक्का, तू पन?" एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला आणि मला स्टुलावर बसवलं, स्वतः उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काही माणसांना हा आजार होतो. उलट्या, पोटदुखी, आणि कढत पाण्याखाली बसलं की तात्पुरता आराम. अंगातलं पाणी जात राहतं आणि मूत्रपिंडं थकतात. संदेशची थकलीच होती. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं.

"पन मला तर त्यानंच बरं वाटतं!" संदेश भिंतीकडे बघतच म्हणाला.

"हो. म्हणूनच हा आजार लवकर सापडत नाही. आजारी करणारं तेच आणि माणसाला औषध वाटणारंही तेच."

"आमच्या शिफ्टची आठ जणं ओढायची. त्यांना कुणाला काय झालं नाय."

"सगळ्यांना होत नाही. का होत नाही ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. तुला झालंय." त्यांनी सलाईनची गती बघितली. "यावर उपाय एकच, पूर्ण सोडायचं. कमी करून चालणार नाही. सोडल्यावर काही आठवडे त्रास होईल, झोप उडेल, चिडचिड होईल. पण उलट्या थांबतील. कधीपासून ओढतोस?"

त्याने बोटांवर मोजलं. "सात वर्षं झाली. आधी रविवारचा. मग रोज ड्युटी सुटली की. मग उठल्या उठल्या."

माझा भाऊ सात वर्षं माझ्याकडे भाऊबीजेला येत होता, आणि यातलं मला काही माहीत नव्हतं.

पाच दिवसांनी त्याला घरी आणलं. माझ्याशी तो एक अक्षर बोलत नव्हता. यजमानांशी बोले, कुत्र्याशी बोले, मी समोर आले की गप्प. रात्ररात्र झोप नाही, अंथरूण घामाने भिजायचं. एकदा पेजेची थाळी भिंतीवर फेकली. मी भिंत पुसली आणि दुसरी थाळी आणून ठेवली. कुंडावर जायचा, पण तासाभरात परत यायचा.

मला धीर निघेना. एका सकाळी पूजा आटोपल्यावर मी यजमानांना गाभाऱ्याच्या दारात गाठलं.

"एकदा कौल लावा. सोडेल का नाय तेवढं विचारा."

त्यांनी ताम्हन खाली ठेवलं. माझ्यावर ते एकदाही रागावले नव्हते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

"आपल्या हातात नसतं त्याला कौल लावायचा," ते म्हणाले. "हे त्याच्या हातात हाय. थोडं तुझ्या पन. देवीला कशाला मधे घालतेस?"

मी घरी येऊन तांदळाचा डबा सुपात उपडा केला. पुडी तळाशी तशीच होती. आधी वाटलं चुलीत घालावी, मग लक्षात आलं की धूर सगळ्या घरभर होईल आणि पडवीत तो बसलाय! निदान तेवढी अक्कल वेळेवर सुचली. पुडी संडासात फोडून वर दोन बादल्या पाणी ओतलं. तांदूळ तीनदा धुतले तरी मला वास येत राहिला. शेवटी ते कोंबड्यांना टाकले.

सोमवारी लाल मोटारसायकल आली. मी फाट्यावरच जाऊन उभी राहिले होते.

"मी काय त्याचा दुश्मन नाय आक्का," तो मुलगा म्हणाला. मोसंब्यांची पिशवी हँडलला होती.

"मी तरी कुठं होते रे? पन दोघांनी मिळून त्याला कुठवर नेला बघ."

मोसंबी मी ठेवून घेतली. बाकीचं त्याने खिशातून बाहेर काढलंच नाही. जाताना त्याने विचारलं, "मला पन सकाळची मळमळते हल्ली. तसंच असेल काय?" मी त्याला डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं.

शिमगा चार दिवसांवर आला होता. वाडीत पालखीच्या तयारीचे ढोल वाजत होते. मी परसात भांडी घासत होते आणि उठून विहिरीवर जाणार, तोच पडवीकडून मोटारीचा आवाज आला. आधी घरघर, मग खोकल्यासारखा एक ठसका, आणि विहिरीजवळच्या पाइपातून पाणी धो धो पडायला लागलं. मी हात तसेच राखेचे घेऊन धावले. वर्तमानपत्र रिकामं होतं. संदेश पंचा नेसून पाइपाखाली उभा होता आणि विहिरीचं गार पाणी त्याच्या डोक्यावर पडत होतं. अंगावर काटा आला होता, दात वाजत होते.

"गार हाय रे मेल्या!" मी ओरडले.

त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. बावीस दिवसांनी तो माझ्याकडे सरळ बघत होता.

"आक्का," तो म्हणाला, "पेज हाय काय? भूक लागलीय."

मी आत गेले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. मग पेज वाढली. तीन थाळ्या प्यायला.

त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. संदेशचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे चिपळूणला, बायको आहे, मुलगी आहे. कुंडावर अजून लोक येतात, त्यांचे गुडघे सुटतात, मी देवीला नमस्कार करते. फक्त कुणी तरुण माणूस तासनतास पाण्यातून उठेना की मी पायरीवर जाऊन बसते आणि दोन प्रश्न विचारते. काही जण रागावून निघून जातात.

सगळं एका फटक्यात झालं असं मात्र कुणाला वाटू नये. सोडल्यावर तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्याचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता.

"आक्का, तासभर गरम पाण्याखाली बसलोय."

मी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या जुन्या शिफ्टमधला एक जण वारला होता आणि संदेश तिथे जुन्या मंडळींत जाऊन आला होता, हे मला माहीत होतं. त्याने पुन्हा ओढलंय, हे न विचारताही मला कळत होतं. पण या वेळी मला वास घ्यावा लागला नव्हता आणि डबाही उपडा करावा लागला नव्हता. त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि सगळ्यात आधी मला.

"बाहेर ये," मी म्हटलं. "पहिली गाडी धर आनी इकडं ये. मी पेज टाकते."

तो पाच मिनिटं म्हणेल म्हणून मी वाट बघितली.

"येतो," संदेश म्हणाला, आणि फोनमधून मला नळ बंद केल्याचा आवाज आला.